पडद्यावरचे मासे आणि आमचा श्रावण

॥ श्री सातेरी प्रसन्न ॥

बोरीवली (पूर्व),
श्रावणाचा दुसरा आठवडा

आदरणीय व्याही लहूशेठ यांना,

बोरीवलीहून धाकूचा नमस्कार पोचावा. विहीणबाई सगुणाताईंनाही सांगावा, आणि तुमच्या प्रितमला आशीर्वाद. आपली तब्येत कशी आहे? गुडघ्याला वैद्यांचं ते तेल चोळता, की बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवून तिला नुसता नमस्कार करता? (मी तेच करतो.) होडीचं रंगकाम उरकलं का? नारळी पौर्णिमा तोंडावर आली, म्हणजे आता तुम्हाला मान वर करायला फुरसत नसणार. तरी थोडा वेळ काढून हे पत्र वाचा, एकटेच वाचा, आणि वाचताना चेहरा नेहमीसारखा ठेवा. आमची निशा कशी आहे? पायांना सूज येते का? झोप नीट लागते ना? तिला म्हणावं, बाबांची तब्येत ठणठणीत आहे, कॉम्प्युटर ठणठणीत आहे, घरात सगळं जिथल्या तिथे आहे. यातलं पहिलं थोडंफार खरं आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुमच्या मनात येणार. अहो, आमच्या घरात फोनवर खासगी काही राहत नाही. आमच्या सौ. जानकीला जरा कमी ऐकू येतं म्हणून तिने माझ्याही फोनचा स्पीकर कायमचा चालू करून ठेवलाय, त्यामुळे माझं पित्त कधी उसळलं आणि कधी बसलं हे खालच्या वाण्यालाही ठाऊक असतं. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर माझे मेसेज माझ्याआधी ती वाचते. स्वतः यावं म्हटलं तर तुमचं खार काही विलायतेत नाही, पण श्रावणात मी 'जरा खारदांड्याला जाऊन येतो' म्हणालो की आमच्याकडे जी उलटतपासणी होते ती कोर्टातसुद्धा होत नसेल. मागच्या श्रावणात तुमच्या होडीची पूजा बघायला म्हणून आलो होतो, आठवतं ना? घरी परतलो तेव्हा तिने दारातच माझ्या शर्टाची बाही हुंगली होती. (पूजेनंतर काय झालं ते तुम्हाला माहीत, मला माहीत, आणि बाहीला माहीत.) म्हणून हे पत्र. तुमचा जावई सिद्धेश निशाला भेटायला येईल, त्याच्या हाती बंद पाकिटातून देतोय. त्याला यातलं काही माहीत नाही. तो विमानतळावर रात्रपाळी करतो, दिवसा झोपतो, आणि मधल्या वेळात हॉलमध्ये हत्ती आणून बांधला तरी हत्तीला 'बाबा, जरा सरका' म्हणून पुढे जाईल.

तर आता मुद्द्यावर येतो. लहूशेठ, निशाने काढलेले मासे गेले. सगळे गेले. वाट लागली.

कुठले मासे, ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही फ्रीज बिघडला असं समजाल. मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो तेव्हा (दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, म्हणून एकमताने) सोसायटीचे कागद कॉम्प्युटरवर ठेवायची पाळी आली. माझा जन्म गेला अंधेरीच्या एका गोदामात खोकी लावण्यात. इंग्रजी मला येतं, पण ते खोक्यावर छापलेलं, 'धिस साइड अप' एवढ्यापुरतं. कॉम्प्युटर उघडला की पडद्यावर सगळी सारखीच पिवळी पाकिटं आणि खाली मुंगीएवढं इंग्रजी. मी पाण्याचं बिल म्हणून उघडायचो आणि सिद्धेशच्या लग्नातला आमच्या मामाचा जेवतानाचा फोटो निघायचा. निशा हे बघायची. दुसरी सून असती तर तोंडाला पदर लावून हसली असती, किंवा चष्मा बदला म्हणाली असती. हिने मला विचारलं, बाबा, तुम्ही मासळी बाजारात पाटी वाचून मासा घेता का? म्हटलं, पाटी कशाला, मासा दिसतो की. बस. दुसऱ्या दिवशी तुमची लेक रंगाची पेटी घेऊन बसली, कागदावर मासे काढले, त्यांचे फोटो कॉम्प्युटरात घातले आणि एकेका कामावर एकेक मासा चिकटवून दिला. बँकेचं सगळं सुरमईत (महाग म्हणून). विजेची बिलं कोळंबीत. लग्नाचे फोटो पापलेटात. माझे डॉक्टरचे रिपोर्ट बोंबलात, कारण बोंबलासारखाच माझ्या कण्याचाही काही भरवसा नाही. सोसायटीचे कागद खेकड्यात. कारण लिहायला नको, तुमच्याकडेही मच्छीमार सोसायटी आहेच. आणि जानकीची भजनं तिसऱ्यांमध्ये. (त्या शिंपल्यांनी एकदा तोंड उघडलं की ते मिटत नाही. हे निशा म्हणाली नाही, मी म्हणतोय, आणि हळू म्हणतोय.) त्या दिवसापासून मी इकडची फाइल तिकडे केली नाही. सत्तरीला टेकलेल्या माणसाला घरात कोणी काही शिकवायला बसत नाही हो, सगळे नुसते 'द्या इकडे, मी करतो' म्हणतात. ही पोर शिकवायला बसली.

आणि हो, खाली कोपऱ्यात एक मांजर. हाडकुळं, शेपटी वर केलेलं, खाली नाव लिहिलेलं 'मनी'. हे कशाला म्हणून विचारलं तर निशा म्हणाली, बाबा, टोपलीशेजारी मांजर नको का? मला पटलं. मी त्या मनीला कधी हात लावला नाही. निशा दर महिन्याला तिच्याशी काहीतरी टिकटिक करायची, पण मी म्हटलं असेल तिचा लाड. हे मांजर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मासे कसे गेले ते. (मध्ये उठून खिडकीपर्यंत जाऊन आलो. बसवत नाही.) तुम्हाला खोटं सांगत नाही, दुसऱ्या सगळ्यांना सांगून झालंय, आता तोंड दुखतं. श्रावण लागला त्या दिवशी जानकीने नेहमीप्रमाणे घर धुऊन काढलं. फ्रीज सोड्याने पुसला. तवा बदलला. माझे सोडे, माझा जवळा, माझे सुके बांगडे, सगळा डबा शेजारच्या धोंडिरामकडे महिनाभर सांभाळायला दिला. (धोंडिराम श्रावण पाळत नाही. तो डबा कसा 'सांभाळतोय' याचा वास मला रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून येतो.) आणि कमरेला पदर खोचून जाहीर केलं की ह्या घरात आता मासळीचा अंशसुद्धा राहिला नाही. मला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. मी कॉम्प्युटरवर बसलो होतो, समोर एक पाकीट दिसलं, त्यावर स्वच्छ मराठीत लिहिलेलं 'मासे'. उघडून बघितलं तर आत तेच सगळे मासे, ओळीने मांडलेले. मला वाटलं, पडद्यावर आहेत ते वेगळे, हे जास्तीचे. दुकानाच्या फळीवर रंगवलेला मासा वेगळा आणि आतल्या टोपलीतला वेगळा, तसं. म्हटलं चला, आपणही थोडं पुण्य पदरात पाडून घेऊ. सगळे एकदम धरले आणि दाबलं डिलीट. आणि मोठ्या आवाजात म्हणालो, बघ गं, मीही काढले मासे! तिने ऐकलं नसावं.

त्या दिवशी काहीच झालं नाही. पडद्यावर सुरमई होती तिथे होती, खेकडा होता तिथे होता. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला आणि बघतो तर काय, एकही मासा नाही! प्रत्येकाच्या जागी एक कोरं पांढरं पान, कोपरा दुमडलेलं. वर खाली, इकडे तिकडे, सगळी पांढरी पानं. मच्छी बाजार धुऊन बंद केल्यावर दिसतो ना, तसा पडदा. आणि खाली कोपऱ्यात फक्त मनी. पण लहूशेठ, मनी आता हाडकुळी नव्हती. जाडी झाली होती! पोट टम्म, शेपटी खाली, डोळे अर्धे मिटलेले. मी चष्मा पुसून परत बघितलं. जाडीच. म्हटलं नक्की व्हायरस.

त्यात सोसायटीची पाण्याची टाकी धुवायची होती, नोटीस सगळ्यांना पाठवायची होती. मी अंदाजाने एक पांढरं पान उघडलं, वर तारीख दिसली, आकडे दिसले, दिलं सोसायटीच्या ग्रुपवर ढकलून. खाली लिहिलं, 'सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' ती नोटीस नव्हती. माझा लघवीचा रिपोर्ट होता. नोंद सर्व सभासदांनी घेतली. बी विंगच्या रुचिरामॅडमनी मेथीचे दाणे भिजवून प्यायला सांगितले. तळमजल्यावरच्या गुजराती काकांनी जिन्यात गाठून विचारलं की धाकूभाई, इन्फेक्शन टाकीच्या पाण्याने झालं का, तसं असेल तर विशेष सभा लावू. अजून लिफ्टमध्ये लोक मला आधी आत जाऊ देतात.

पण हसू झालं त्याचं मला काही नाही. मला झोप लागत नाही ती निशामुळे. तुम्ही मोकळ्या मनाचे आहात, तरी एक गोष्ट ना तुम्ही विसरलात ना मी. साखरपुड्याच्या पंगतीत आमची चुलत बहीण नलिनी बोलू नये ते बोलली. मुलगी छान आहे हो, पण घरात मासळीचा वास येणार. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. मी हात जोडून तुम्हाला परत बसवलं आणि शब्द दिला की ह्या घरात तुमच्या मुलीला असलं कोणी परत बोलणार नाही. आणि बोलणारी कोण, तर मालवणची! जिला कालवणाशिवाय घास उतरत नाही आणि बाजारात बोंबलाच्या वाट्यासाठी कोळणीशी तासभर हुज्जत घालते ती! आता मला सांगा, निशा बाळाला घेऊन घरी येणार, कॉम्प्युटर उघडणार, आणि तिला दिसणार की तिने हाताने काढलेले मासे तिच्या पाठीमागे सासरच्यांनी घरातून काढून टाकले. श्रावण म्हणून. घर शुद्ध करताना. तिला काय वाटेल? ती बोलणार नाही, ती बोलणारी नाहीच, तेच तर वाईट. ती म्हणेल 'असू दे, बाबा', आणि ते 'असू दे' मला जन्मभर पुरेल.

म्हणून तिच्या कानावर जायच्या आत मासे परत आणायचे असं ठरवून मी धोंडिरामला बोलावलं. हा माणूस मोबाईलवर व्हिडिओ बघून गॅसची शेगडीसुद्धा दुरुस्त करतो. (त्या शेगडीवर आता एकाच बाजूने पोळी भाजते.) मी त्याला डिलीटचं काही सांगितलं नाही. लाज वाटली. वैद्याजवळ रोग लपवला की काय होतं ते आता कळतंय. त्याने खुर्ची ओढली आणि आधी रिफ्रेश दाबायला सुरुवात केली, पाट्यावर चटणी वाटावी तसा दाबत होता. पांढरी पानं एकदा लुकलुकायची आणि परत पांढरी. मग म्हणाला, आयकॉनचा साठा खराब झालाय, जुना साठा पुसला की कॉम्प्युटर नवीन चित्रं तयार करतो. काळ्या खिडकीत काहीबाही टाईप केलं. सगळा पडदाच गेला. काळोख! मी देवीला नारळ बोललो. थोड्या वेळाने पडदा आला, आणि पानं होती त्याहून पांढरीशुभ्र आली.

तेव्हा धोंडिराम गंभीर झाला. म्हणाला, धाकू, आता फॉर्मॅट. फॉर्मॅट म्हणजे कॉम्प्युटर मुळासकट धुऊन टाकायचा. मला पटेना, त्याला सोडवेना. शेवटी आमच्याकडे अशा वेळी जे करतात ते करायचं ठरलं, कौल. गावी देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून विचारतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही देव्हाऱ्यातल्या जास्वंदीच्या दोन पाकळ्या घेतल्या, पाणी लावलं आणि मॉनिटरच्या कपाळावर चिकटवल्या. धोंडिरामने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, बा म्हाराजा, ह्या धाकूच्या कॉम्प्युटरातले मासे कोणाच्या नजरेक लागून गेले असतीत तर जागच्या जागी येवंदेत. मी म्हटलं, व्हय म्हाराजा! आणि पट्दिशी डावी पाकळी पडली. फॉर्मॅट नाही. पण धोंडिरामला मान्य होईना, म्हणाला पंख्याने पडली, हा कौल धरायचा नाही. पंखा बंद केला. मग दोघं घामाने निथळत बसलो, पाकळ्या काही हलेनात. तेवढ्यात जानकी आली, काही न विचारता तिने फडक्याने दोन्ही पाकळ्या पुसल्या, पंखा चालू केला आणि निघून गेली. मी पहिला कौल धरला.

शेवटचा उपाय म्हणून कॉम्प्युटरचा डबा रिक्षात मांडीवर घेऊन स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यालाही डिलीटचं बोललो नाही. त्याने तार जोडली, जांभई दिली आणि पडद्याकडे बघून म्हणाला, अंकल, पहले ये कचरा खाली कर देता हूँ, बाद में देखते हैं. आणि बोट कुठे, तर आमच्या मनीवर! लहूशेठ, माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, कचरा कोणाला म्हणतोस रे? माझ्या सुनेने हाताने काढलंय ते! सगळं गेलं, एवढं एक मांजर राहिलंय, त्याला हात लावशील तर याद राख! तो म्हणाला, अरे अंकल, लेकिन ये तो... मी ऐकून घेतलं नाही. तारा उपटल्या, डबा काखेत मारला आणि बाहेर. पाठीमागून तो काहीतरी ओरडत होता. येताना रिक्षात डबा पोटाशी धरून बसलो. एका मांजरासाठी मी कधी भांडेन असं वाटलं नव्हतं.

तेव्हा लहूशेठ, आता तुमच्याशिवाय कोणी नाही. निशाने मासे आधी कागदावर काढले होते. ते कागद आमच्या घरात मी गादीखालीसुद्धा शोधले, नाहीत. कदाचित बाळंतपणाला येताना तिने बरोबर आणले असतील, तिला चित्रं टाकवत नाहीत. ती आंघोळीला किंवा डॉक्टरकडे गेली की हळूच बघा. सापडले तर प्रितमला सरळ वरून फोटो काढायला सांगा, सावली पडू देऊ नये. खेकडा राहिला तरी चालेल, त्याच्यावाचून सोसायटीचं काही अडत नाही. पण बाकीचे हवेत. आणि तुम्हाला राग आला असेल तर तो माझ्यावर काढा, जानकीवर नको. तिने घर धुतलं. मासे मी काढले. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि गुडघ्याला तेल खरंच चोळा.

आपला,
ज्याला खुर्चीत बसवत नाही असा,
धाकू

ता. क. पाकीट शोधत होतो तेवढ्यात चमत्कार झाला, तो लिहितो. वरचं सगळं मागे घेतो. जानकी देवाची फुलं घेऊन हॉलमधून जात होती. मी शोधणं सोडून पडद्यासमोर डोकं धरून बसलो होतो, तिच्याकडे न बघताच म्हणालो की मासे कुठे गेले असतील गं. ती थांबली. तिने आयुष्यात त्या कॉम्प्युटरकडे धूळ पुसण्यापलीकडे बघितलेलं नाही. पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाली, 'माका कित्याक इचारतास? त्या मांजराक इचारा. मासे गेले नि मांजर फुगला, ह्या कळूक शिकूक व्हया?' आणि गेली फुलं वाहायला. मी मनीवर दोनदा टिचकी मारली. लहूशेठ! आत सगळे मासे! सुरमई, पापलेट, कोळंबी, बोंबील, तिसऱ्या, अगदी खेकडासुद्धा! टाकलेलं सगळं त्या मांजराच्या पोटात जातं, अशी निशाने व्यवस्था करून ठेवली होती, आणि तो दुरुस्तीवाला तेच पोट रिकामं करायला निघाला होता! देवी पावली. पंख्याने पाडलेला कौलही खराच होता. एकेकाला धरून परत पाठवलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि पडद्यावर बाजार भरला. मनी पुन्हा हाडकुळी.

पण एक सांगायचं राहिलं. मांजराच्या पोटातून एक मासा जास्तीचा निघाला. तो पडद्यावर कधी नव्हताच, पाकिटात शेवटी होता, म्हणून माझ्या लक्षात आला नव्हता. छोटीशी मांदेली, सोनेरी, डोळे मिटून झोपलेली. मासा डोळे मिटत नाही हे कोळ्याच्या मुलीला मी सांगायला नको, तरी तिने मिटलेले काढलेत. खाली नाव, 'बाळ'. लहूशेठ, पुण्य मिळवायला मी तेही टाकून दिलं होतं. मी जानकीला हाक मारली. तिने वाकून बघितलं, नाव वाचलं आणि डोळ्यांना पदर लावला. श्रावणात आमच्या घरात कांदाही नसतो, म्हणजे कांद्याने नव्हे.

ता. क. दुसरा. आता पत्राची गरज उरली नाही असं तुम्ही म्हणाल, कागद मागे घ्या. पण लिहिलंय तर पाठवतो, कारण एक छोटं काम राहिलं. येत्या रविवारी सकाळी जानकीला फोन करा (स्पीकर चालूच असेल) आणि सांगा की प्रितमच्या कॉम्प्युटरवरची चित्रं गेली आहेत, धाकूशिवाय कोणाला जमणार नाही, ताबडतोब पाठवा. प्रितमकडे कॉम्प्युटर नसेल तर असल्यासारखं बोला. निशालाही बघून होईल. आणि सगुणाताईंनी सहज, आपलं नेहमीसारखं, बोंबील केले असतील तर यजमानाचं मन मोडणारा मी नव्हे. अख्खा आठवडा चित्रातलेसुद्धा दिसले नाहीत हो.

ता. क. तिसरा. हे जानकीचं अक्षर आहे. व्याहीबुवांना आणि सगुणाताईंना नमस्कार. पाकीट मी मोदकपात्राच्या वाफेवर उघडलं, राग नसावा. मला ऐकू कमी येतं, दिसतं चांगलं. ह्यांनी मासे काढले तेव्हा मी मागेच उभी होते. वाटलं ह्यांनीही नेम केलाय, श्रावण झाल्यावर ठेवतील परत. ह्यांना ठेवता येत नाही हे मला काय ठाऊक. नलिनी त्या दिवशी जे बोलली ते मीही विसरले नाही. बारशाला तिला बोलावणार आहे, आणि सगुणाताईंच्या हातचं कालवण तिच्या ताटात मी स्वतः वाढणार आहे. दुसरं, तुम्हाला वाटलं असेल निशाला आषाढातच एवढ्या घाईने का धाडली. पोरीला मासळीचे डोहाळे होते आणि आमच्याकडे श्रावण येत होता. माझा नेम मला मोडवत नाही, आणि तिच्या ताटात महिनाभर मुगाची आमटी वाढायला माझा हात झाला नसता. श्रावण माझा आहे, तिचा नाही. तिला पोटभर खाऊ घाला. झालेलं तिला सांगू नका, मासे जागेवर आहेत. बाळाचा मासा मात्र आम्ही पडद्यावर लावलेला नाही, जन्माआधी काही मांडून ठेवत नाहीत. बारशाला तिच्याच हाताने लावू. रविवारी ह्यांना बोलवा. फोन कराल तेव्हा कॉम्प्युटरबिम्प्युटरचं काही सांगत बसू नका, नुसतं पाठवा म्हणा. आल्यावर मी बाही हुंगणार नाही.